जुनी इम्पल्स भरवशाची करून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही वाचाल की नाही, शंकाच आहे. गॅरेजमध्ये तुमचा फोन कायम ग्रीस लागलेल्या फडक्याखाली असतो. तरी चारचौघांत लिहितोय, कारण 'एवढी जुनी डर्ट बाइक घेऊन भरवसा ठेवता येतो का?' असं मला सारखं विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर खरं म्हणजे तुमचं आहे.

गाडी 2012 ची हीरो इम्पल्स. हीरो आणि होंडा वेगळे झाले त्या काळातली, 149.2 सीसीची, उंच आणि सडपातळ. कंपनीने ती केव्हाच बंद केली. ओळखीतले सगळे एकच सांगत होते: भंगारात घाल आणि हीरोचीच नवी डर्ट बाइक, एक्सपल्स, घे. दुसऱ्या एका गॅरेजात तर गाडी स्टँडवर चढायच्या आधीच 'बोअर-पिस्टन करावं लागेल', म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर घासायचा आणि पिस्टन बदलायचा, असं ऐकलं होतं.

तुम्ही म्हणालात, "आधी बघू, मग खोलू." सकाळी थंड इंजिन स्वतः किक मारून सुरू केलंत. मागून निळ्या धुराचा एक झोत आला आणि थांबला. मग गरम झाल्यावर रेस देत राहिलात, तेव्हा धूर नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर जोर लावताना धूर आला असता, रात्रभर उभ्या गाडीत तेल सिलिंडरमध्ये उतरतंय ते वरच्या व्हॉल्व्हच्या रबरी सीलमधून, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावून खात्रीही केलीत. इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरलं, सील बदलले, बोअरला हात लागला नाही. मोठ्या बिलाचं काम समोर आयतं असताना ते नको म्हणणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण माझ्या मनात राहिलंय ते एअर फिल्टरचं प्रकरण. फिल्टर नवा होता, वरून स्वच्छ दिसत होता. तुम्ही कार्ब्युरेटर आणि फिल्टरच्या डब्यामधला रबरी नळा काढलात, आत बोट फिरवलंत आणि ते माझ्यापुढे धरलंत. बोटावर तांबडी, पिठासारखी माती. नळ्याच्या खालच्या बाजूला, वरून दिसणारच नाही अशा ठिकाणी चीर होती. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या रस्त्यावर उन्हाळ्यात उडते तीच धूळ, फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये चालली होती. "डर्ट बाइक पडून मरत नाही, धूळ खाऊन मरते," हे तुमचं वाक्य तेव्हापासून मी दहा जणांना ऐकवलंय. जुनी गाडी बघायला कुणी मला सोबत नेलं, तर इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी मी तो नळा बघतो.

हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की इंजिन बंद पडायचं, तेही तुम्हीच शोधलंत. वायरचं वरचं आवरण धडधाकट, आतली तांब्याची तार मात्र वर्षानुवर्षं वळून तुटलेली. एकेक वायर हलकेच ओढून बघत गेलात, एक रबरासारखी ताणली गेली आणि तुम्ही हसलात. बाकीची कामं दिसायला काहीच नाहीत: बॉल रेसर (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग), मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश, चाकांचे बेअरिंग, पुढच्या फोर्कचे ऑइल सील, पेट्रोलचा पाइप. स्पोकवर पान्याने टिचकी मारत, जो भद्द वाजेल तो कसत गेलात. ठोसेघरच्या पुढच्या खडीच्या उतारावर गाडी सरळ रेषेत राहते, ती या न दिसणाऱ्या कामांमुळे. (कासच्या पठारावर नव्हे. तिथे चाक घालायचं नाही, हेही तुम्हीच बजावलंय.)

तेव्हा विचारणाऱ्यांना मी सांगतो: होते, जुनी गाडी भरवशाची होते. चेसिस सरळ हवी, कागद साफ हवेत आणि पैसा आधी बेअरिंग, सील, वायरिंगवर जायला हवा, सायलेन्सर आणि स्टिकर मागून. नव्या गाडीइतकी निर्धास्त मात्र होत नाही. इंजिनाचे बरेच भाग हीरोच्याच हंक-एक्स्ट्रीम या गाड्यांचे चालतात, पण टाकीच्या बाजूचं प्लॅस्टिक तुटलं की भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं. आणि ज्याला दर मोठ्या फेरीनंतर फिल्टर उघडायचा कंटाळा असेल, त्याने या वाटेला जाऊ नये.

पंधरा वर्षं होत आली की आरसी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल. त्याआधी ब्रेक आणि दिवे बघायला तुमच्याकडेच आणतो. चेन-स्प्रॉकेटही त्याच वेळी करू. फक्त या खेपेला मजुरी नीट लावा. मागच्या बिलात बॉल रेसरची मजुरी तुम्ही धरलीच नव्हती, मी घरी येऊन बेरीज केली आहे.

तुमचा,
उंच इम्पल्सवाला