कन्व्हर्जन थेरपी हा गुन्हा ठरवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : समलिंगी व ट्रान्सजेंडर व्यक्तींना ‘बरे’ करण्याच्या उपचारांना (कन्व्हर्जन थेरपीला) फौजदारी कायद्याने बंदी घालण्याबाबत.

महोदय,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझे औषधांचे दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एक माउली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर मनोविकारावरची एक आणि झोपेची एक अशा दोन गोळ्या होत्या, निदान मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. वेळा समजून घेतल्यावर आवाज खाली आणून त्यांनी विचारले, ‘‘ह्या घेतल्या की पोरगं पोरींकडं बघाय लागंल न्हवं?’’ एकोणीस वर्षांचा तो मुलगा बाहेर मोपेडवर बसला होता, हेल्मेटही न काढता. चिठ्ठी रीतसर होती, खाली सही-शिक्का होता. मी गोळ्या दिल्या. दर अमावस्येला त्याला एका महाराजांकडे नेऊन अंगारा आणि वेताचे फटके असा दुसरा इलाजही चालू होता, हे मला नंतर कळले.

जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच वगळली. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 3 सांगते की, समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक चौकटीत बसत नाही एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने 7 जून 2021 रोजी असे उपचार रोखण्याचे आदेश दिले आणि त्यानंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. परंतु परिषदेची कारवाई नोंदणीकृत डॉक्टरपुरतीच असते आणि जास्तीत जास्त त्याच्या परवान्यापर्यंत पोहोचते. पाटी लावून बसलेला समुपदेशक, मुलाला महिनोन्महिने डांबून ठेवणारे एखादे केंद्र किंवा ते महाराज यांना परिषद काय करणार?

महाराजांपुरते बोलायचे तर आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आहे. पण तेच फटके ‘सवय मोडण्यासाठी’ मारले, भुताचे नावच घेतले नाही, तर वकील कशावर बोट ठेवतील हे सांगायला नको. गोळ्या आणि समुपदेशन तर त्या अनुसूचीच्या बाहेरच राहतात.

म्हणून स्वतंत्र कलम हवे. लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याच्या हेतूने केलेला कोणताही उपचार, विधी वा कोंडून ठेवणे हा दखलपात्र गुन्हा असावा आणि पालकांची संमती हा बचाव मानला जाऊ नये. तक्रार बहुधा घरच्यांविरुद्धच असणार, त्यामुळे जादूटोणाविरोधी कायद्यातील दक्षता अधिकाऱ्यांकडेच, म्हणजे असे गुन्हे शोधून रोखण्यासाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्यांकडेच, हे काम सोपवावे. त्याचबरोबर, गोंधळलेल्या मुलाचे निमूट ऐकून घेणारा प्रामाणिक समुपदेशक यात अडकणार नाही, असा खुलासा कलमातच असावा. कॅनडाने 2022 पासून हा गुन्हा फौजदारी संहितेत घातला आहे. आपल्याकडे फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, असल्याने दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असेल, तर राष्ट्रपतींची संमती घेण्याचा मार्ग आहे.

‘घरातली गोष्ट आहे, सरकारने मध्ये पडू नये,’ हा आक्षेप येईलच. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानात स्त्रियांना घरात क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, तेव्हाही ती घरातलीच गोष्ट होती. दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला आपण सारे दरवर्षी हार घालतो.

त्या माउलींना तुरुंगात धाडा, असे माझे म्हणणे नाही. त्यांना कुणीतरी इलाज विकला आणि तो विकणाऱ्यांच्या साखळीत, नकळत का होईना, मीही होतो. येत्या अधिवेशनात विधेयक आणावे आणि मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला करावा. औषध विक्रेता म्हणून मला जे सांगायचे आहे ते मी लेखी देईन.

आपला,
मंगळवार पेठेतील एक औषध विक्रेता,
कोल्हापूर