माझ्या डाव्या बाजूला उभे राहणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नेलेल्या इटलीच्या सहलीहून परतून आता दोन महिने होत आले. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी तुमचे आभार मानायचे मनात होते, पण तोंडावर बोलले असते तर तुम्ही ‘त्यात काय, मॅडम’ म्हणून विषय बदलला असतात, आणि मलाही ते नीट सांगता आले नसते. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलेत ते आपल्या बावीस जणांपैकी बहुतेकांच्या ध्यानातही आलेले नाही. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे आहात, तरी सगळे ‘सर’ म्हणत म्हणून मीही तेच म्हणते. एकतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बाईला कोणाला ‘सर’ म्हणावे हे बरोबर कळते, एवढे मानून घ्या.

सहलीच्या अर्जात शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ असा एक रकाना होता. मी त्यात लिहिले होते : ‘उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही.’ नवव्या वर्षी गालगुंड झाले आणि तो कान कायमचा गेला. त्यावर यंत्राचा उपयोग होत नाही. ज्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत त्यांना वाटते की एक कान गेला म्हणजे निम्मे ऐकू येते. तसे नसते. शांत खोलीत मला सगळे ऐकू येते, पण गर्दीत, चौकात, बसच्या इंजिनाशेजारी उजवीकडून आलेले बोलणे गोंगाटात विरघळून जाते, आणि हाक आली तरी ती कोणत्या दिशेने आली हे कळत नाही. मी चारी बाजूंना पाहत राहते आणि लोकांना वाटते, बाई गोंधळलेल्या आहेत.

हेच वाक्य, अगदी हेच शब्द, मी सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रवासी कंपनीच्या अर्जातही लिहिले होते. तिचे नाव घेत नाही. घेऊन उपयोग नाही आणि माझ्या वहिनीने मला तशी शपथही घातली आहे. ‘तेरा दिवसांत सात देश’ अशी ती सहल होती. फ्लॉरेन्ससारख्या शहराला पाऊण दिवस, आणि त्यातला दीड तास चामड्याच्या पिशव्यांच्या दुकानात. टूर मॅनेजर पुढे झेंडी उंचावून भरभर चालत जाई, चालता चालता बोलत जाई, आणि मी मागून पळत विचारीत असे की काय म्हणाले. तिसऱ्या दिवशी बसमध्ये त्याने माइकवरून सांगितले, ‘काकूंना ऐकू येत नाही, त्यांच्या शेजारच्यांनी जरा लक्ष ठेवा.’ लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. त्यानंतर माझ्याशी सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले, जणू कानाबरोबर अक्कलही गेली आहे. परतल्यावर मी सविस्तर तक्रार लिहिली. उत्तरात पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपन आले. ते अजून कपाटात आहे. पुन्हा परदेशी जायचे नाही असे मी तेव्हाच ठरवून टाकले होते, आणि तुमच्या दोन पूर्वतयारीच्या व्याख्यानांना भाचीने बळे नेले नसते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

सिएनाचा पहिला दिवस आठवतो. सकाळी सर्वांना छोटे रिसीव्हर आणि एका कानात घालायचे इअरफोन वाटले गेले. तिथली परवानाधारक मार्गदर्शक इंग्रजीत बोलणार आणि तुम्ही त्यात मराठीतून भर घालणार, अशी व्यवस्था होती. मी निमूटपणे इअरफोन डाव्या कानात घालू लागले तेव्हा तुम्ही जवळ आलात आणि हळू आवाजात म्हणालात, ‘मॅडम, तुमचा एकच कान आहे, तो यात अडकला तर रस्ता कशाने ऐकणार?’ माझ्या साठ वर्षांच्या बहिरेपणात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कानाच्या डॉक्टरांनीही नाही. तुम्ही रिसीव्हर माझ्या हातातून घेतलात, खिशात टाकलात आणि पुढे निघालात. यावर भाषण नाही, सहानुभूतीचा चेहरा नाही.

त्या दिवशी दुपारी आपण पलाझ्झो पुब्लिकोमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या नगरसभेच्या वाड्यात, अंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये रंगवलेली चांगल्या आणि वाईट कारभाराची भित्तिचित्रे पाहिली. ज्या नऊ जणांचे मंडळ शहर चालवीत होते, त्यांच्याच सभेच्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांपुढे ही चित्रे काढलेली. मी ‘युरोपातील नगरराज्ये’ हा धडा किती वर्षे शिकवला याचा हिशेब नाही, पण त्या धड्यात ही खोली नव्हती. तुम्ही दाखवलेत की न्यायदेवतेच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोर निघतात, ते खाली एकोपा म्हणून रंगवलेल्या स्त्रीच्या हातात येऊन एक होतात, आणि तिथून चोवीस नागरिक तो दोर हातोहात पुढे नेतात. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचसखल असेल ते तासून सारखे करायचे, म्हणून रंधा! तो मला दिसला नसता. शेजारच्या भिंतीवर चांगल्या शहरात परांचीवर गवंडी काम करीत आहेत, दुकाने उघडी आहेत, रस्त्यात नाच चालला आहे; आणि वाईट कारभाराच्या भिंतीवर शिंगे असलेल्या जुलमी राजाच्या पायाशी न्यायदेवता बांधलेली पडली आहे. तुम्ही आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिराची, गायकवाडांच्या स्मारकाची, आठवण करून दिलीत, जिथे नंदलाल बोसांनी 1939 ते 1946 या काळात भिंती रंगवल्या आणि जिथे आपण बडोदेकर शाळेच्या सहलीनंतर फारसे फिरकत नाही. आपले बडोद्याचे चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या चित्रांतली शहरे सिएनाच्या या चित्रकारांची किती ऋणी आहेत, हेही तिथेच ऐकले. इतके सगळे मी एका शब्दाचीही पुनरुक्ती न मागता ऐकले, आणि तसे का झाले हे मला तेव्हा उमगले नाही.

उमगले पिएन्झाला, तिसऱ्या दिवशी. कोर्सिन्यानो नावाच्या त्या खेड्यात जन्मलेला माणूस 1458 मध्ये पिउस (दुसरा) या नावाने पोप झाला, आणि त्याने वास्तुकार बेर्नार्दो रोस्सेल्लिनोला बोलावून तीन-चार वर्षांत आपल्या गावाचे आदर्श नगर करून घेतले. गावाला आपले नावही दिले. (आपल्याकडेही ही हौस आहे, फक्त गाव आदर्श करण्याचा भाग वगळला जातो.) चौकात विहिरीपाशी तुम्ही हे सांगत होतात. माझ्या मनात आले की हे गृहस्थ पहिल्या दिवसापासून सतत माझ्या डावीकडे आहेत, हा योगायोग आहे की काय? मास्तरणीची खोड. मी मुद्दाम वळले आणि विहिरीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चर्चकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे तुम्ही आता माझ्या उजवीकडे आलात. तुम्ही वाक्य तोडले नाहीत. हातातला नकाशा वाऱ्याने उलटत होता तो सावरल्यासारखे केलेत, बोलत बोलतच विहिरीला अर्धी प्रदक्षिणा घातलीत आणि पुन्हा माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिलात. तुमच्यामागे एकवीस माणसे मेंढरांसारखी सरकली. का सरकलो हे त्यांच्यापैकी एकालाही कळले नाही. मी खाली बघून चष्मा पुसत राहिले, तो मळलेला नव्हता.

त्यानंतर मी परीक्षा घेणे सोडले आणि फक्त पाहत राहिले. जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची नेहमी उजव्या टोकाला कशी काय येई? बसमध्ये मला उजव्या खिडकीची जागा कोण राखून ठेवी? चिविता दि बान्योरेजोला जाणाऱ्या पुलावर तर तुम्ही याच्या नेमके उलट केलेत. सुमारे तीनशे मीटर लांबीचा तो पादचारी पूल, खाली ओसाड दऱ्या, आणि वारा असा की माझा चालू कानही भरून गेला. ते गाव खाली मऊ चिकणमाती आणि वर ज्वालामुखीचा सच्छिद्र खडक अशा डोंगरावर बसले आहे. माती झिजते, वरचा खडक तुटतो, आणि गावाच्या कडेची घरे शतकानुशतके दरीत जात राहिली आहेत. हे सगळे तुम्ही पुलावर सांगू शकला असतात, समोर दिसतच होते. कोणीतरी विचारलेही. तुम्ही तोंडावर बोट ठेवलेत आणि पुढे चालत राहिलात, आणि वेशीच्या कमानीखाली वारा थांबल्यावर बोलायला सुरुवात केलीत. काहींना वाटले, सर दमले.

राव्हेन्नाबद्दल लिहू लागले तर पत्र संपणार नाही, तरी एक लिहिते. गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीच्या नावाने ओळखली जाणारी ती बुटकी विटांची समाधीवास्तू बाहेरून आपल्याकडच्या जुन्या कोठारासारखी दिसते, आणि आत मान वर केली की मोझेकचे, म्हणजे काचेचे तुकडे जडवून केलेले, गर्द निळे छत आणि सोन्याचे तारे. आत थोडाच वेळ थांबू देतात म्हणून तुम्ही सारे बाहेर अंगणातच सांगून ठेवले होते : काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख कसा असतो, आणि भिंतीवरचे तुकडे मुद्दाम किंचित तिरके बसवतात म्हणून पाहणारा हलला की प्रकाश हलतो. आत तुम्ही गप्प, आम्हीही गप्प. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेकची फरशी मी लहानपणापासून पाहिली आहे. सयाजीराव महाराज 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे पुन्हा पुन्हा जात राहिले, हे मुलांकडून पाठ करून घेतले आहे. पण पायाखालची फरशी गुळगुळीत का आणि भिंत खडबडीत का, हा प्रश्न मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पडला. परतल्यावर पहिल्याच रविवारी भाचीच्या मुलीला घेऊन लक्ष्मीविलासला गेले आणि तिला हेच विचारले. तिने उत्तर दिले, ‘भिंतीवर कोणी चालत नाही म्हणून.’ तुमच्यापेक्षा थोडक्यात सांगितले, असे वाटले.

सगळेच उत्तम होते असे म्हणणार नाही. दुपारची जेवणे फार उशिरा होत, आणि चहाच्या नावाखाली जे मिळे त्याबाबत तुम्हीही हतबल होतात.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती सांगते. शाळेत मी माझे टेबल वर्गाच्या मध्यावर कधीच ठेवले नाही; मुलांकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला जी भिंत येई तिला लावून ठेवीत असे, म्हणजे सारा वर्ग डावीकडे येई. मुख्याध्यापिकांना वाटे, बाईंना खिडकीचा उजेड लागतो. मी तसेच वाटू दिले. एकतीस वर्षे ही युक्ती मी एकटीने जपली, कारण सांगितले की लोक एकतर विसरतात नाहीतर त्याचा गाजावाजा करतात, आणि दोन्हींत माणूस सारखाच उघडा पडतो. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, ‘काही लागले तर सांगा’ म्हणणे, असा आपल्याकडे समज आहे. तसे म्हणणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले आणि ती माणसे वाईट नव्हती. पण काही लागते आहे हे पुन्हा सांगावे न लागणे, आणि मिळाले ते मिळाले असे इतरांना कळूही न देणे, याला वेगळी वृत्ती लागते. ती शिकवता येते का, हे मी शिक्षिका असूनही सांगू शकत नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांना कारण विचारू द्या आणि तुम्ही ते टाळू नका.

ते जुने कूपन मी फाडून टाकणार होते, आता पुस्तकात खूण म्हणून ठेवले आहे.

पुढच्या महिन्यात तुम्ही बडोद्याला आहात असे कळले. एखाद्या रविवारी घरी जेवायला या. पुरणपोळी मी करीन, आणि चहा माणसांनी पिण्यासारखा असेल. आमचे घर दांडिया बाजारात अगदी रस्त्यावर आहे, दिवसभर रिक्षा आणि हॉर्न चालू असतात, खिडक्या लावूनही फरक पडत नाही. कुठल्या खुर्चीवर बसायचे ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची कृतज्ञ,
बावीस जणांतली एक
बडोदे