मंत्रिमहोदय, आमचं चौथं कडवं तुम्हाला का टोचलं?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव, खातं, पक्ष यातलं काही इथे लिहीत नाही. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी आमच्या अर्जावरचा शेरा बदलत नाही, तेव्हा हे पत्र खुर्चीलाच लिहिलंय असं समजा.

गेल्या रविवारी तुमच्या कर्नाटक सरकारच्या सांस्कृतिक कार्यक्रमात आमच्या बेळगावकडच्या मलप्रभा नदीवरचं आमचं गाणं व्हायचं होतं. झालं नाही. 'तुम्ही गाणं बसवा, मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो,' हे आमच्या देवळात नारळ फोडताना तुम्ही माईकवर बोलला होता. पहिल्या रांगेत तुम्ही बसलात, खोटं कशाला बोलू. पण समोर बाहेरून आणलेला ऑर्केस्ट्रा सिनेमातली गाणी वाजवत होता, आणि आम्ही बायका मंडपामागे जनरेटरच्या धुरात टाळ घेऊन उभ्या होतो.

ते गाणं कसं झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगते. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगवते. तिथून हब्बनहट्टीचा मारुती, असोग्याचा रामेश्वर, खानापूर, पुढे एम. के. हुबळीला बसवण्णांची पत्नी गंगांबिका हिचा ऐक्यमंडप, म्हणजे समाधी, मग सौंदत्तीकडचं नविलतीर्थाचं धरण, रामदुर्ग, आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णा. तीनशे किलोमीटरची नदी. वरच्या अंगाला आम्ही मराठी भजनी मंडळं, खालच्या अंगाला कन्नड. ठरलं असं की ज्याच्या गावाजवळून नदी जाते त्यानं आपल्या पट्ट्याचं कडवं करायचं, दुसऱ्याच्या पट्ट्यात नाक खुपसायचं नाही. पण गाताना मात्र सगळ्यांनी सगळं गायचं. आमचं पहिलं कडवं हे:

माउलीच्या दारी । उगवले पाणी ।
वाहे रानोरानी । पोसावया ॥

सोपं नव्हतं, साहेब. आमची पट्टी वेगळी, त्यांची वेगळी. आमचा भजनी ठेका संथ, त्यांचा पळता. पेटीवाल्या मामांनी वैतागून पेटी दोनदा पेटाऱ्यात घातली. गंगांबिकेचं कडवं रचणारी आक्का आमच्या टाळाला नावं ठेवायची, आणि आम्ही तिच्या चहाला. तरी जमलं. ते कन्नड कडवं मी देवनागरीत कॅलेंडरच्या मागं लिहून, भाकऱ्या थापता थापता पाठ केलं. साठी उलटल्यावर हे केलंय. माझे गुडघे गेलेत, मांडी घालून बसले की उठायला दोघी लागतात. मुलगा गोव्यात कामाला, घरी जनावरं, सालभर दुखणं धरलेले मालक. रात्री जेवणं उरकून तालमीला जायचे तेव्हा मालक म्हणायचे, मंत्र्यापुढं गाऊन तुला काय पेन्शन मिळणार आहे का. आता म्हणत नाहीत. नुसते बघतात, आणि ते जास्त लागतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी यादीवाल्या साहेबांचा फोन आला. वेळ कमी आहे, मराठी कडवी गाळा. मला वाटलं, झालं, नेहमीचंच. हे ऐकत तर आमचा जन्म गेला. पण खालच्या गावच्या बायकांनी काय उत्तर दिलं माहीत आहे? मराठी कडवी नसतील तर आम्हीही गात नाही, असं त्यांनी कन्नडमधून, त्यांच्याच साहेबाला, ठणकावून सांगितलं. तासाभरात दुसरा फोन. बरं, मराठी राहू दे, फक्त ते चौथं कडवं तेवढं काढा.

म्हणजे दुखणं भाषेचं नव्हतंच. चौथं कडवं हे:

खानापुरी येता । घाण मिसळली ।
माय ती मळली । कोणामुळे ॥

चार चरण. यात कुणाला शिवी आहे? नाव आहे? प्रश्न विचारलाय, तोही देवापुढं विचारावा तसा. आणि यात आम्ही नवीन काय सांगितलं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशभरातले नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे आहेत, त्यातले 17 कर्नाटकातले, आणि त्यात खानापूर ते धारवाड ही आमची मलप्रभा आहे. सरकारनं छापलं तर अहवाल, आम्ही टाळावर म्हटलं तर वेळ कमी.

रोप लावणीला आम्ही त्याच पाण्यात उभ्या राहतो. पोटऱ्यांना खाज सुटते ती दिवाळीपर्यंत जात नाही. मलम घेऊन घेऊन माझं भजनाच्या साडीचं पैसं संपलं, साडी शेवटी बहिणीची नेसले. आता तुम्ही म्हणाल, बाई नदीवरून साडीवर कुठं गेली. जाणारच. नदी तुमच्या नकाशात असते, आमच्या अंगाला असते.

आणि याच नदीसाठी तुम्ही गोव्याशी किती वर्षं भांडलात! गोव्याकडं जाणाऱ्या म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं कळसा-भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचं 3.9 टीएमसी मलप्रभेत वळवायचं. कणकुंबीचा डोंगर त्यासाठी खणलात. वरून दुसऱ्याच्या नदीचं स्वच्छ पाणी आणायचं आणि खाली त्यातच गटार सोडायचं, हा हिशोब कुठल्या इंजिनिअरनं केला? नविलतीर्थाच्या 37 टीएमसीच्या धरणात शेवटी हेच जातं, आणि हुबळी-धारवाडचे लोक ते पितात. ते मराठी नाहीत, साहेब. तुमचेच आहेत.

गाळ उपसायला पैसा नाही म्हणता, पण बेळगावजवळ हलग्याला विधिमंडळासाठी शेकडो कोटींचा सुवर्ण विधानसौध 2012 पासून उभा आहे. तिथं डिसेंबरातले थोडे दिवस तुम्ही येता, एकमेकांवर ओरडता, जेवता, जाता. पलीकडचेही काही वेगळे नाहीत. महाराष्ट्राचे पुढारी सीमाभागातली 865 गावं आमची म्हणून छाती पिटतात. त्या 865 गावांतल्या नदीत काय वाहतं हे त्यांच्यातल्या किती जणांनी वाकून बघितलं? सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा 2004 पासून पडून आहे. एक नोव्हेंबरला तुमचा राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिवस, आणि आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. दोन नोव्हेंबरला गटार तसंच. बोर्डावर कन्नड 60 टक्के पाहिजे यासाठी 2024 मध्ये कायदा दुरुस्त करायला तुम्हाला वेळ मिळाला. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचा, हा नियम मात्र फाइलीतच म्हातारा झाला. सांडपाण्याबद्दल मी मराठीत अर्ज दिला, उत्तर कन्नडमध्ये आलं. ते आक्कानं वाचून दाखवलं: 'अर्ज संबंधितांकडे पाठवला आहे.' हे तर दोन्ही भाषांत सारखंच निरर्थक.

खरं सांगू? आम्ही एकमेकींची कडवी गायला लागलो हीच तुमची अडचण आहे. मराठी-कन्नड भांडत राहिले की दोघांपैकी कुणी पाण्याकडं बघत नाही.

मागणं थोडंच आहे. शहराचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये, आणि त्याची तारीख लेखी द्यावी, दोन्ही भाषांत. बाकी स्टेज, हार, शाल काही नको. महाशिवरात्रीला असोग्याला रामेश्वरापुढं आम्ही गाणार आहोत, वरची-खालची सगळी मंडळं मिळून, चौथ्या कडव्यासकट. तिथं वेळ कमी पडत नाही. तुम्ही आलात तर पहिल्या रांगेला सतरंजी आहे.

आणि हो, रविवारी आम्हाला आणणाऱ्या वडापवाल्याचं भाडं तुमच्या कार्यालयानं द्यायचं कबूल केलं होतं. तो रोज दारात येतोय. ते तेवढं पाठवा.

आपली,
मलप्रभेकाठची एक भजनकरीण