आशिष, दादाचे पैसे

बेटा आशिष,

तुझा मेसेज वाचला. दादाची गाडी तू चाळीस हजाराला विकली अन् त्याला पंचवीसच सांगितले, हे तू स्वतःहून कबूल केलं त्याचं मला खरंच बरं वाटलं. पण "देवाजवळ रडून माफी मागितली, मन हलकं झालं, आता विषय संपला" हे काही मला पटून नाही राहिलं, म्हणून लिहून राहिले, फोनवर तू हो हो म्हणून ठेवून देतो.

बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकाचा 6 वा अध्याय काढ. सगळे 16 वा वाचतात, प्रायश्चित्ताचा दिवस, दोन बकरे, एक अर्पण करायचा अन् जिवंत ठेवलेल्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून साऱ्या इस्राएलाचे अपराध कबूल करतो, मग त्याला रानात सोडून देतात. माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण 6 व्यात तुझीच केस आहे. शेजाऱ्याला फसवलं, त्याचं दाबून ठेवलं, वर खोटी शपथ घेतली, तर मूळ रक्कम पूर्ण परत, त्यावर पाचवा हिस्सा, अन् ज्याचं आहे त्याच्याच हातात. अन् दोषार्पणाचा, म्हणजे अपराधासाठी देवाला वाहायचा मेंढा? तो त्याच दिवशी आणायचा, पण हे केल्याशिवाय नाही.

यहुद्यांच्या मिश्नात, म्हणजे त्यांच्या जुन्या नियमांच्या ग्रंथात पण आहे की माणसाविरुद्ध केलेलं पाप प्रायश्चित्ताच्या दिवसानं फिटत नाही, जोवर तू त्या माणसाची समजूत काढत नाहीस. अन् येशू मत्तयच्या 5 व्या अध्यायात काय म्हणतो? वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव अन् आधी भावाकडे जा. ऐकणारे लोक गालीलचे, वेदी यरुशलेमात, पायी तीनेक दिवसांचा रस्ता! तुला तर पुण्याहून एका रात्रीची ट्रेन आहे.

तू म्हणशील येशूनं सगळं फेडलं. फेडलंच. बैलाबकऱ्यांच्या रक्तानं पाप जात नाही म्हणूनच ख्रिस्तानं एकदाच स्वतःला अर्पण केलं, इब्री लोकांच्या पत्रात आहे, त्यात मी काहीच कमी करत नाही. पैसे देऊन तू क्षमा विकत घेणार नाहीस, देव काही सावकार नाही. जक्कयला आठव, तो लोकांना लुबाडणारा जकातदार, येशूला पाहायला झाडावर चढलेला. त्यानं परत देतो म्हटलं म्हणून येशू त्याच्या घरी गेला का? येशूनं आधी झाडाखाली उभं राहून त्याला नावानं हाक मारली, आज तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला, अन् मगच त्या माणसाची मूठ सुटली, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. क्षमा मिळालेला माणूस असा वागते बेटा. तुझं मन हलकं झालं, पण दादाचे पंधरा हजार अजून तुझ्याकडेच आहेत ना.

पंधरावर पाचवा हिस्सा तीन, म्हणजे अठरा. एकदम जमत नसेल तर हप्ते पाड, पण नुसतं गूगल पे करून मोकळा होऊ नको. शनिवारी ये, दादा मोहननगरलाच आहे, त्याच्यासमोर बसून सांग. तो चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही, तो त्याचा हक्क आहे, लगेच माफ कर म्हणून मागे लागू नको. मी काकूला काही सांगितलं नाही अन् सांगणार पण नाही, ते तुझं तूच सांगायचं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, त्याच्याआधी हे व्हावं असं मला फार वाटते.

तुझी आई