डोळ्याला तीस टक्के, कानाला काहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला कामगारांच्या अपघात-भरपाईवरचा लेख आणि त्याखालची भरपाईच्या आकड्यांची चौकट वाचली. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. लेखकांचं म्हणणं असं की हल्ली किरकोळ दुखापतीलाही लाखांत रकमा मिळतात, त्यामुळे दावे वाढलेत आणि लहान कारखानदार भरडला जातोय. त्यासाठी त्यांनी उदाहरण दिलं ते एका डोळ्याचं. दुसरा डोळा शाबूत असताना पाच लाख कशाला, असा त्यांचा सवाल आहे.

लेखक अभ्यासू असतील, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एक डोळा गेलेला माणूस त्यांनी घरात वावरताना पाहिलेला नाही, हे त्यांच्या प्रत्येक ओळीतून कळतं.

आमचे हे हिंगणा एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कापणारे कारागीर होते. लेथचं टूल बेंच ग्राइंडरवर घासताना चाकाचा तुकडा उडाला आणि उजव्या डोळ्यात गेला. तेव्हा यांचं वय चाळीस. युनिट लहान, दहाच्या आत माणसं, त्यामुळे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही. गॉगल होता, सगळ्यांत मिळून एक. तो मी स्वतः हातात घेऊन पाहिला आहे. काचेवर इतके ओरखडे की समोर धरला तर ट्यूबलाइटची नुसती पांढरी पट्टी दिसायची. तो लावून टूलची धार कोण बघणार? तरी मालकाच्या वकिलानं जबाबात लिहिलं की कामगारानं मुद्दाम गॉगल काढून ठेवला होता, सबब भरपाई देय नाही. कायद्यात तशी पळवाट आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती चालत नाही, पण एका डोळ्याला चालते.

आता चौकटीतल्या आकड्यांकडे येते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लिहिलंय : डोळा गेला तर ४० टक्के, डोळा जागेवर राहून नुसती दृष्टी गेली तर ३० टक्के, अर्धवट गेली तर १०. हिशेब असा की पगाराचे ६० टक्के घ्यायचे, वयाच्या गुणकानं गुणायचे (चाळिशीला १८४.१७) आणि त्यातून हे टक्के काढायचे. यांचा पगार एकोणीस हजार होता. पण कायदा पंधरा हजारांच्या वर बघत नाही, आणि ती मर्यादासुद्धा जानेवारी २०२० मध्ये आठ हजारांवरून वाढवली म्हणून पंधरा आहे. तर ३० टक्क्यांनी होतात ४,९७,२५९ रुपये आणि ४० टक्क्यांनी ६,६३,०१२. म्हणजे डॉक्टरांनी जिवाचं रान करून बुबुळासकट डोळा वाचवला, चेहरा विद्रूप होऊ दिला नाही, त्यापायी आमचे एक लाख पासष्ट हजार कमी झाले. न्यायालयाच्या आवारात एकानं मला सरळ सांगितलं, "काढूनच टाका ना बाई तो डोळा, असाही काही कामाचा नाही, दहा टक्के वाढतात." त्या माणसाचा मला राग आला नाही. ही यादी ज्यांनी इतकी वर्षं तशीच ठेवली त्यांचा आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यातही हीच टक्केवारी उतरवून घेतली आहे.

मालक तर दवाखान्यातच म्हणाला होता, "दुसरा डोळा तर आहे ना बाप्पा, देवाची कृपा समजा." त्या दुसऱ्या डोळ्याचं सांगते. एका डोळ्यानं वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे ते कळत नाही. हे आजही चहा ओततात तेव्हा किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून मगच वाकवतात, नाहीतर धार बशीत. जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपून उतरतात. उजवीकडून कुणी आलं तर दचकतात. आणि यांचं सगळं काम होतं ते व्हर्नियरच्या (मोजमापाच्या पट्टीच्या) बारीक रेघा वाचण्याचं, फिरत्या चकच्या (लेथवर धातू पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) बोटभर अंतरावर हात ठेवण्याचं. असा माणूस लेथवर किती टक्के उरतो? कोणताही फोरमन सांगेल, शून्य. बरं झाल्यावर हे तीन-चार ठिकाणी काम मागायला गेले, पण मशीनवर उभं करायला कुणी तयार झालं नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही मी म्हणत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं हे १९७५ मध्येच मान्य केलंय. प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपरावरून गेला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईचं नुकसान शंभर टक्के धरलं. हा निकाल लेखकांच्या वाचनात आला नाही काय? की आला आणि गाळला? आमच्या वकिलांनी तोच पुढे केलाय, तारखा चालू आहेत. दरम्यान मालकाचा माणूस घरी येऊन गेला, अडीच लाख घ्या आणि या कागदावर सही करा म्हणून. मी सही करू दिली नाही. इतर बायकांसाठी लिहून ठेवते : असा परस्पर केलेला करार कामगार भरपाई आयुक्तांकडे नोंदवलेला नसेल तर त्यानं तुमचा हक्क जात नाही. घाबरून सही केली असेल तरी दावा लावा, दोन वर्षांच्या आत लावा. आणि अपघातानंतर महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, तेही मागा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेलो तिथंही ३० टक्केच. सवलतींसाठी ४० लागतात. म्हणजे कारखान्यासाठी माणूस निकामी आणि सरकारसाठी धडधाकट. मग त्यानं जायचं कुठं?

तुमच्या चौकटीत आणखी एक गोष्ट नाही, आणि ती तुमची चूक नाही, कारण ती कायद्याच्या यादीतच नाही. दोन्ही कान पूर्ण गेले तर १०० टक्के आहेत. एक कान गेला तर? रकानाच नाही. माझ्या धाकट्या दिरांचा डावा कान कॉम्प्रेसरची टाकी फुटली तेव्हा गेला. यादीत नसलेल्या इजेला डॉक्टरांनी कमाई किती घटली ते ठरवायचं असतं. डॉक्टरांनी अपंगत्वाच्या सूत्रानं १७ टक्क्यांच्या आसपास लिहून दिलं, कारण त्या सूत्रात चांगल्या कानाला पाचपट वजन असतं. त्यावर मालकाचा वकील म्हणाला, पगार तोच चालू आहे, नुकसान कुठं झालं? पगार तोच होता, कारण त्यांना मशीनवरून काढून झाडलोटीला लावलं होतं. पुढे तेही काम गेलं. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून आला ते समजत नाही. भावजी आता सीताबर्डीत रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून नेमके गाडीच्या दिशेनं सरकतात, आम्ही दंड धरून ठेवतो.

वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात एका डोळ्याला एक लाख आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतही एका डोळ्याला एक लाख आहेत. या दोन्हीत कानाचं नाव नाही.

कानाचा विषय निघालाच आहे तर हेही छापा. आमचे हे आता लग्नाच्या एका लॉनवर रात्रपाळीचे चौकीदार आहेत, टर्नरच्या निम्म्या पगारावर. लग्नसराईत तिथं डीजेच्या भिंती गेटपासून हाकेच्या अंतरावर उभ्या असतात. दहानंतर बंद करायचा नियम आहे, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी बारापर्यंत छाती हादरते. हे कानात कापूस घालून बसतात, पण मग गेटवर कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही म्हणून बोलणी खातात. आवाजानं येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. उद्या यांनी तसा दावा केला तर तुमचे लेखक त्यालाही किरकोळ म्हणतील काय?

माझी मागणी एवढीच आहे. लेखाचा दुसरा भाग येत्या आठवड्यात येणार असं तुम्ही छापलंय. तो छापण्याआधी लेखकांना हिंगण्यातल्या चार कामगारांच्या घरी पाठवा, आमच्या घरी आले तरी चालेल. आणि चौकट पुन्हा देणार असाल तर त्यात १९७५ चा तो सुताराचा निकाल घाला, दाव्याची दोन वर्षांची मुदत घाला, आणि एका कानाला कायद्यात रकानाच नाही हे ठळक अक्षरात घाला. खटला चालू असल्यामुळे माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर