चिंबोरीच्या ताटात गर्दी नको

मा. संपादक,
स. न.

पावसाळा आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, कालवणाच्या कृती येऊ लागतात. वाटणाचं प्रमाण असतं, मसाला किती चमचे तेही असतं, पण सोबत काय वाढायचं हा विषय ‘गरमागरम भाताबरोबर वाढा’ एवढ्यावर आटोपतो. हॉटेलांच्या पाट्या बघाव्यात तर नेमकं उलट. ठाण्यात घोडबंदर रोडला काय किंवा नवी मुंबईत पाम बीचच्या बाजूला काय, एकाच ताटात चिंबोरी, तळलेला बोंबील, कोळंबीचं सुकं, सुरमईची तुकडी, दोन वाट्या रस्सा आणि वर काहीतरी गोड. या दोन्हींत एक साधी गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे चिंबोरी खायला वेळ लागतो. दोन मध्यम चिंबोऱ्या नीट फोडून, नांग्यांतलं मांस काढून खायला माणसाला अर्धा ते पाऊण तास हवा. तेवढा वेळ दोन्ही हात रश्श्याने माखलेले असतात. म्हणून सोबतीचा पदार्थ निवडताना आधी विचारायचं की हा पाऊण तास ताटात टिकेल का, आणि माखल्या हाताने, दोन बोटांनी उचलता येईल का.

ओला बोंबील या कसोटीला लगेच नापास होतो. त्याच्यात पाणीच इतकं की कितीही दाबून काढला आणि रव्यात घोळवला तरी कढईतून उतरल्यावर दहा मिनिटांत आवरण मऊ पडायला लागतं. पहिली नांगी फोडून होईपर्यंत तो लोळागोळा झालेला असतो. बोंबील करायचाच असेल तर चिंबोरी चुलीवर असताना, ताटं मांडायच्या आधी, कांद्याबरोबर हातोहात द्यावा. पापडाचंही तेच. भाजलेला नाचणीचा किंवा तांदळाचा पापड वाफाळत्या रश्श्याशेजारी ठेवला की चामट झालाच.

आता नारळ. मालवणी पद्धतीच्या कालवणात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण असतं आणि शेजारी पुन्हा घट्ट सोलकढीचा पेला ठेवला जातो. नारळावर नारळ. चिंबोरीच्या मांसाला मुळातच गोडवा असतो. त्यावर खोबऱ्याचे दोन थर बसले की तो जिभेला लागतच नाही आणि अर्ध्या जेवणात पोट जड होतं. आगरी-कोळी घरांत रस्सा अनेकदा पातळ असतो. बारीक पाय ठेचून त्यांचा रस गाळून घालतात आणि दाटपणासाठी फार तर थोडं बेसन लावतात. अशा रश्श्याबरोबर सोलकढी शोभून दिसते. वाटणाचं कालवण असेल तर मात्र फुटी कढी करावी, म्हणजे नारळाचं दूध न घालता केलेली कोकमाची कढी. चौघांना पंधराएक आमसुलं अर्धा तास भिजवून चोळून घ्यावीत. तीन वाट्या पाणी, ठेचलेली अर्धी मिरची, जिरेपूड, कोथिंबीर आणि चिमूटभर गूळ. मीठ सर्वांत शेवटी चाखून घालावं, कारण आमसुलांत मीठ आधीच असतं.

सोलकढीच बिघडते कुठे तेही सांगायला हवं. चौघांसाठी एक मध्यम नारळ खवून, तीन पाकळ्या लसूण आणि अर्धी मिरची घालून वाटावा. एक वाटी कोमट पाण्यात पहिलं दूध काढावं, दीड वाटीत दुसरं. आमसुलाचं पाणी पूर्ण गार झाल्यावरच दुधात मिसळावं आणि पुढे ती कढी गॅसवर नेऊ नये. कोकमाच्या आंबटपणाला उष्णता मिळाली की दूध फुटतं. दुसरी चूक फ्रिजची. कढी बर्फगार केली की खोबऱ्यातलं तेल थिजून वर बारीक कण तरंगतात आणि टाळूला चिकटतात. जेवणाच्या तासभर आधी करून माठाजवळ झाकून ठेवलेली कढी बाटलीतल्या गार कढीपेक्षा केव्हाही सरस.

भाकरी की घावन? सुक्याबरोबर भाकरी, पातळ रश्श्याबरोबर घावन, असं आमचं मत आहे. सुका मसाला दाट असतो. तो उचलायला फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा लागतो. घावन जाळीदार, रस्सा ओढून घेतो आणि दोन बोटांनी सहज तुटतो. मात्र रश्श्यात टाकून ठेवला तर त्याचा लगदा होतो, त्यामुळे तो वेगळ्या ताटलीत द्यावा. घावनाचं पीठ ताकाइतकं पातळ हवं, एक वाटी पिठीला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी. पिठी तळाला बसते, म्हणून प्रत्येक घावनाआधी पळीने ढवळायचं. हे विसरलं की पहिले चार घावन कागदासारखे आणि शेवटचे दोन जाड ढब्बू.

तांदळाच्या भाकरीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळं जेवण तिच्यावर तरतं किंवा पडतं. दोन वाट्या पिठीला साधारण दोन वाट्या पाणी. तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त, नवा असेल तर दोन-तीन चमचे कमी. पाण्याला चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळी आणायची, पिठी टाकायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळून गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ मुरू द्यायची. मग परातीत काढून, हाताला पाणी लावत, चटके सोसतील तितकी गरम असतानाच पाच मिनिटं रगडून मळायची. तांदळाला गव्हासारखा चिकटा नसतो. शिजलेली उकडच तिला धरून ठेवते. उकड गार झाली की ताठरते, आणि थापताना कडा फाटतात त्या त्यामुळेच. कडा फाटायला लागल्या तर वर पिठी भुरभुरवून उपयोग नाही, गोळा ओल्या हाताने पुन्हा मळावा लागतो. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. पाणी सुकू दिलं तर वर भेगा पडतात आणि वाफ त्यातून निघून जाते. मग भाकरी फुगत नाही. दोन वाट्यांत सहा भाकऱ्या होतात. चौघांना भातही असेल तर तेवढ्या पुरतात. स्टीलच्या डब्यात त्या रचू नयेत, घाम सुटून खालची चिकटते. टोपलीत फडकं अंथरून ठेवाव्यात. त्याहून बरं म्हणजे चिंबोरी फोडणाऱ्याला तव्यावरून एकेक गरम भाकरी द्यावी. त्यासाठी स्वयंपाकघरात कुणीतरी उभं राहायचं आणि ते कुणी, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवावा. पाळी लावायला हरकत नाही.

भात साधाच हवा. जिरा राइस, पुलाव नको, तुपाची धारही नको. वाडा कोलम असेल तर उत्तम. तो किंचित मऊ शिजवला तरी चालतो. पण रस्सा अगदी पातळ असेल तर उकड्या तांदळाचे दाणे त्यात मोकळे राहतात. शेतातल्या मुठ्यांच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या लहान खेकड्यांच्या, बाबतीत भातच मुख्य ठरतो, कारण त्यांच्यात मांस नावापुरतं असतं. त्यांचा रसच काढायचा. कुटून, गाळून मंद आचेवर सतत ढवळत तापवायचा, नाहीतर तो फुटून त्याच्या गुठळ्या होतात. ढवळताना मात्र पूर्ण उकळी येऊ द्यायलाच हवी. गोड्या पाण्यातली मुठी अर्धीकच्ची कधीही खाऊ नयेत.

भाजी एकच, सुकी आणि कमी तिखट असावी. लाल माठ लसणावर परतला तर चिंबोरीच्या मसाल्याला चांगला उतारा होतो. आळतो फार, म्हणून चौघांना दोन जुड्या घ्याव्यात. जून-जुलैत ठाणे स्टेशनच्या आसपास आदिवासी बायका टाकळा, कुरडू अशा रानभाज्या घेऊन बसतात. कोवळा टाकळा किंचित कडू असतो आणि तो कडवटपणा इथे कामाला येतो. शेवळं ही रानभाजी मात्र त्या दिवशी नको. घशाला खाज येऊ नये म्हणून शेवळांत काकड या झाडाची आंबट फळं घालावी लागतात, वर बहुतेक घरी कोळंबी किंवा खिमा पडतो. तो स्वतंत्र जेवणाचा पदार्थ आहे, चिंबोरीच्या शेजारी बसवला तर दोघांचंही वाटोळं.

कांद्याच्या चकत्या दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळाव्यात, म्हणजे झोंबत नाहीत. मीठ आणि लिंबू ज्याने त्याने ताटात घ्यावं. आधी लावलं तर पाणी सुटून कांदा लिबलिबीत होतो. किसलेला पांढरा मुळा, मे महिन्यात कैरी आणि पावसात गावठी काकडी यांतलं एक पुरे. लिंबू चिंबोरीवर पिळायची सवय लागलीय ती हॉटेलांमुळे. गोडवा मारायला त्याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही.

पंगतीत कुणी चिंबोरी न खाणारं असेल तर आधी कारण विचारावं. नुसती आवड नसेल तर कोळंबी चालेल. पण चिंबोरीने अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर कोळंबीही देऊ नये. दोन्हींत ट्रोपोमायोसिन हे प्रथिन जवळजवळ सारखंच असतं आणि शिजवल्याने ते निष्प्रभ होत नाही. अशा पाहुण्याला अंडाकरी द्यावी. तीही वेगळ्या पळीने, वेगळ्या पातेल्यात. कोळंबी तळलेल्या तेलात त्याचा पापडसुद्धा तळू नये.

कवचांसाठी दोघांत एक खोलगट भांडं मधे असू द्यावं. ताटाच्या कडेला ढीग लागला की भाताला जागा उरत नाही आणि टोकदार तुकडे रश्श्यात घसरतात. भांड्याखाली बहुतेक घरांत आपलंच वर्तमानपत्र अंथरलं जातं, राग नसावा. सोसायटीत राहणाऱ्यांनी ती कवचं रात्रभर डब्यात उघडी ठेवू नयेत. पिशवीत गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि सकाळी घंटागाडी आल्यावर ओल्या कचऱ्यात द्यावीत. मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात.

रस्सा उरलाच तर त्यातल्या चिंबोऱ्या काढून वेगळ्या झाकून दोन्ही फ्रिजमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी रस्सा एकदाच उकळून शिळ्या भाकरीबरोबर घ्यावा आणि चिंबोऱ्या शेवटच्या पाच मिनिटांत त्यात सोडाव्यात. पुन्हा पुन्हा उकळलं की मांस आकसून कवचाला धरून बसतं.

— एक वाचक, घणसोली गाव, नवी मुंबई