शब्द दिला म्हणजे नेमकं काय दिलं?

शिकागो, रविवार

प्रिय बंड्या,

तुझा तेवीस मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "शब्द दिला होता रे त्यांनी" हे वाक्य त्यात अकरा वेळा आलंय, मी मोजलं. तिकीट कापलं गेलं त्याचं मलाही वाईट वाटलं. पण फोनवर समजूत काढायला गेलो असतो तर तू मलाच शिव्या घातल्या असत्यास, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात पुण्याहून पाहुणे आले होते. मराठी पाहुणा आला की त्याला आर्ट इन्स्टिट्यूटला नेऊन विवेकानंदांनी १८९३ साली भाषण केलं ती जागा दाखवायची, हा इथला रिवाजच. फोटो काढून होतात, मग कॉफी. पण त्याच जागेवर आधी एक अवाढव्य प्रदर्शन-भवन उभं होतं आणि १८८० च्या जूनमध्ये तिथे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. विवेकानंद राहिले बाजूला, मी पाहुण्यांना तासभर हीच गोष्ट सांगत बसलो. आता तू ऐक.

तेव्हा पक्षात दोन तट होते. एकीकडे न्यूयॉर्कचा सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग. रुबाबदार गडी, दाढी कोरलेली, छाती पुढे. त्याचा गट 'स्टॉलवर्ट' म्हणवायचा आणि त्यांना जनरल ग्रँटला तिसऱ्यांदा अध्यक्ष करायचं होतं. दुसरीकडे मेन राज्याचा सिनेटर जेम्स ब्लेन. या दोघांचं वैर १८६६ पासूनचं. ब्लेनने भर सभागृहात कॉन्कलिंगच्या चालण्याला टर्की कोंबड्याच्या तोऱ्याची उपमा दिली होती. तेवढ्यावरून कॉन्कलिंगने आयुष्यभर त्याच्याशी अबोला धरला. आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात, इथे कोंबड्यावरून.

पण भांडणाचं खरं मूळ न्यूयॉर्क बंदराच्या कस्टम हाउसमध्ये होतं. देशाच्या जकातीचा मोठा हिस्सा तिथे जमा व्हायचा. नोकऱ्या हजाराच्या घरात, आणि नोकरी लागली की पगारातला काही भाग पक्षाच्या तिजोरीत भरायचा. तिथला कलेक्टर (आपला जिल्ह्याचा नव्हे, जकातीचा) म्हणजे त्या राज्यातल्या पक्षाचा खरा खजिनदार. चेस्टर आर्थर हा कॉन्कलिंगचा माणूस तिथे सात वर्षं बसला होता. १८७८ साली अध्यक्ष हेज यांनी त्याला हाकललं, आणि ती जखम ओलीच होती.

तर अधिवेशन. ७५६ प्रतिनिधी, जिंकायला ३७९ मतं हवीत. पहिल्या फेरीत ग्रँट ३०४, ब्लेन २८४, अर्थमंत्री शेर्मन ९३. मग फेरीमागून फेरी, आकडा हलेना. एकेका राज्याची सगळी मतं एकगठ्ठा टाकायची, हा कॉन्कलिंगचा डाव आधीच उधळला गेला होता, तरी त्याची माणसं जागची हलली नाहीत. अशा वेळी खरं काम सभागृहात होत नाही, हॉटेलांत रात्री होतं, ते तुला मी काय सांगू!

शेर्मनच्या प्रचाराची धुरा ओहायोच्या जेम्स गारफिल्डकडे होती. नाव मांडलं त्यानेच, भाषणही त्यानेच ठोकलं. पण लोकांचा डोळा शेर्मनवर कमी आणि याच्यावर जास्त. कॉन्कलिंगने तर भर अधिवेशनात त्याला खोचक चिठ्ठी पाठवली, की ओहायोचा खरा उमेदवार आता पुढे येऊ दे. ३४ व्या फेरीत विस्कॉन्सिनने अचानक १६ मतं गारफिल्डच्या पारड्यात टाकली. हा उठला आणि म्हणाला, माझ्या संमतीशिवाय माझं नाव घ्यायचा कुणाला अधिकार नाही. अध्यक्षस्थानी असलेल्या होर यांनी त्याला मध्येच तोडून खाली बसवलं. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की हा काहीतरी बोलून आपलीच उमेदवारी घालवेल अशी त्यांना धास्ती होती. ३६ व्या फेरीत गारफिल्ड ३९९. ग्रँटचे ३०६ शेवटपर्यंत तसेच. त्या पठ्ठ्यांनी नंतर ३०६ आकडा कोरलेली पदकंसुद्धा पाडून घेतली. हरल्याची पदकं! गारफिल्ड मनातून हपापलेला होता की खरंच नको म्हणत होता? मला विचारशील तर दोन्ही.

आता न्यूयॉर्क हातात घेतल्याशिवाय निवडणूक जिंकता येत नव्हती. म्हणून उपाध्यक्षपद स्टॉलवर्टांना देऊ केलं. आधी न्यूयॉर्कचा बँकवाला लेव्ही मॉर्टन याला विचारलं. त्याने कॉन्कलिंगचा सल्ला घेतला आणि नाही म्हणाला. मग आर्थर. कॉन्कलिंग त्यालाही म्हणाला, लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद नालासारखं हे टाकून दे. त्या वेळी जवळ असलेल्या एका बातमीदाराने लिहून ठेवलंय, की आर्थर उत्तरला, एवढा मान तर मी स्वप्नातही पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने साहेबाचं ऐकलं नाही.

आणि आता ती खोली. ५ ऑगस्ट १८८०, न्यूयॉर्कचं फिफ्थ अॅव्हेन्यू हॉटेल. गारफिल्ड मुद्दाम ओहायोहून आला. कॉन्कलिंग ऐनवेळी गायब! समोर आलाच नाही. त्याच्या वतीने त्याचा साथीदार थॉमस प्लॅट, मॉर्टन, आर्थर बसले. पैसा हवा होता, न्यूयॉर्कची फौज हवी होती, आणि बदल्यात न्यूयॉर्कच्या नेमणुका कुणाला विचारून होणार हा प्रश्न होता. प्लॅट बाहेर पडला तो शब्द मिळाला असं समजून. पुढे आत्मचरित्रातही त्याने तसंच लिहिलं. मॉर्टनची खात्री की अर्थखातं आपलंच. आणि गारफिल्डने डायरीत लिहिलं: कसला सौदा नाही, कसल्या बेड्या नाहीत.

बंड्या, खोली एक, पण बाहेर पडल्या दोन बैठका. मला वाटतं, यात कुणी सरळसरळ खोटं बोलत नव्हतं. गारफिल्डने "तुमच्या मित्रांचा विचार होईल" अशा थाटाचं काहीतरी म्हटलं असणार, आणि प्रत्येकाने आपापल्या झोळीच्या मापाने ते ऐकलं.

त्याच हॉटेलात आणखी एक माणूसही फिरत होता, चार्ल्स गिटो. गारफिल्डच्या बाजूने लिहिलेल्या भाषणाच्या छापील प्रती तो पुढाऱ्यांच्या हातात कोंबत होता. त्याला कुणीच काही कबूल केलं नव्हतं, पण या भाषणामुळेच निवडणूक जिंकली आणि आता पॅरिसचं वाणिज्यदूताचं पद आपलं, हे त्याने मनाशी पक्कं धरलं.

न्यूयॉर्क मिळालं, गारफिल्ड निवडून आला. अर्थखातं मॉर्टनला मिळालं नाही, पॅरिसला राजदूत म्हणून रवानगी झाली. आणि मार्च १८८१ मध्ये कस्टम हाउसवर नेमला तो कॉन्कलिंगचा कट्टर विरोधक रॉबर्टसन. शब्द मोडला म्हणून कॉन्कलिंग आणि प्लॅट दोघांनी मे महिन्यात सिनेटचे राजीनामे फेकले. तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडायचं, ते आपल्याला परत निवडून देईल हा हिशोब होता. दिलं नाही. कॉन्कलिंगचं राजकारण तिथंच संपलं. २ जुलैला वॉशिंग्टनच्या स्टेशनवर गिटोने गारफिल्डला गोळ्या घातल्या आणि ओरडला, मी स्टॉलवर्ट आहे, आता आर्थर अध्यक्ष होईल. झालाही, सप्टेंबरमध्ये. कस्टम हाउसच्या त्याच आर्थरने १८८३ साली परीक्षा घेऊन नोकऱ्या देण्याच्या कायद्यावर सही केली. मॉर्टनने उपाध्यक्षपद घेतलं असतं तर... त्याने किती रात्री तळमळत काढल्या असतील!

घाबरू नकोस, तुला गिटोच्या रांगेत बसवत नाहीये. पण प्लॅटच्या रांगेत थोडासा बसवतोय. मेसेजमध्ये तू एकदा म्हणालास "त्यांनी स्पष्ट सांगितलं", मग म्हणालास "खांद्यावर हात ठेवून बघू म्हणाले", आणि शेवटी "तसं सूचित केलं". ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत, मित्रा.

तेव्हा एक कर. अपक्ष फॉर्म भरायच्या आधी, राजीनामा लिहायच्या आधी, त्या रात्री गाडीत ते नेमकं काय बोलले ते शब्द न् शब्द लिहून मला पाठव. त्यांचं वाक्य काय आणि तुझं काय, तेही. वहिनीला वाचून दाखव, ती माझ्यापेक्षा लवकर ओळखेल.

काकूंच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
शऱ्या